हार्डवेअरची नावे, अक्षरमालेची मांडणी आणि सुसंगततेचे दायित्व : लिनक्समधील फर्मवेअर-नामांची चिकित्सा

गोषवारा :
संगणकाच्या फर्मवेअरने हार्डवेअरच्या भागांना दिलेली नावे ऑपरेटिंग सिस्टिममार्फत इतर प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतात. ही नावे अक्षरमालेच्या रूपात छापणारा कोड बदलला की नावात एखाद्या अंकाचा किंवा चिन्हाचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्या फरकाने सुरळीत चाललेली यंत्रणा खंडित होऊ शकते. प्रस्तुत लेखात लिनक्समधील २०१० नंतरच्या काही निवडक बदलांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. नावाची मांडणी बाहेरच्या प्रोग्रॅमने एकदा वाचली की तिला वचनाचे स्वरूप येते. हे वचन कायमचे गोठवण्यापेक्षा त्याला आवृत्ती देणे अधिक न्याय्य आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फर्मवेअर, हार्डवेअर-नामे, अक्षरमाला, मांडणी, सुसंगतता, लिनक्स कर्नल, डिव्हाइस ट्री

१. प्रस्तावना

संगणकीय लेखनाची चिकित्सा करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने अल्गोरिदम, कार्यक्षमता आणि सुरक्षितता यांकडे असते. एखादी संख्या किंवा एखादे नाव मजकुराच्या रूपात छापण्याचे काम मात्र किरकोळ मानले जाते. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी जी गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकतो, ती अक्षरमाला छापण्याची आज्ञा पुढे गंभीर चर्चेचा विषय होत नाही. या दुर्लक्षाची किंमत प्रत्यक्ष व्यवहारात मोजावी लागते. सर्व्हरच्या नेटवर्क जोडणीचे नाव एका अक्षराने बदलले तर त्या नावावर आधारलेला फायरवॉलचा नियम लागू होत नाही. सर्व्हर दूरच्या शहरातील बंद खोलीत असेल, तर त्याच्याशी संपर्काचा मार्गच तुटतो. यंत्र सुस्थितीत, जोडणी सुस्थितीत, केवळ नाव ओळखीचे राहिले नाही म्हणून काम ठप्प, अशी ही अवस्था असते.

हे नाव कोण देते, ते कोणत्या वाटेने वाचकापर्यंत पोहोचते आणि वाटेतील कोड सुधारणाऱ्याने नावाचे कितपत जतन करावे, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखाच्या केंद्रस्थानी आहेत. विवेचनासाठी लिनक्स कर्नल आणि त्याच्या आधाराने चालणारी सॉफ्टवेअरे निवडली आहेत. त्यांचा कोड व त्यातील बदलांचा इतिहास सर्वांसाठी खुला असल्याने प्रत्येक बदलाची कारणमीमांसा तपासून पाहता येते.

२. नावाचा प्रवास

फर्मवेअर म्हणजे यंत्र सुरू होताच, ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधी चालणारे सॉफ्टवेअर. मदरबोर्डवर कोणता भाग कोठे बसवला आहे, याची माहिती त्याच्याकडे असते. ही माहिती पुढे देण्याचे मार्ग ठरलेले आहेत. डीएमटीएफ या संस्थेच्या एसएमबायोस मानकात ४१ व्या प्रकारची नोंद मदरबोर्डवरील अंगभूत उपकरणांसाठी आहे. तीत उपकरणाचे संदर्भनाव मजकुराच्या रूपात, तर उपकरणाचा प्रकार, त्या प्रकारातील अनुक्रमांक आणि बसवरील पत्ता संख्यांच्या रूपात नोंदवलेला असतो. एसीपीआय या दुसऱ्या मानकानुसारही उपकरणाला नाव व क्रमांक देता येतो. तिसरा मार्ग डिव्हाइस ट्रीचा. १९९४ च्या ओपन फर्मवेअर मानकात मूळ असलेली ही वृक्षरूप रचना आज एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या असंख्य यंत्रांत वापरली जाते. तीत प्रत्येक उपकरण म्हणजे वृक्षावरील एक गाठ असून गाठीचे सर्वसाधारण नाव, त्यानंतर ‘ॲट’चे चिन्ह आणि मग पत्ता अशी तिच्या नावाची घडण असते.

कर्नल ही माहिती सिसएफएस नावाच्या आभासी फाइल-रचनेतून बाहेर मांडते. पीसीआय उपकरणांसाठी ‘लेबल’ आणि ‘इंडेक्स’ या फायलींचे वर्णन कर्नलच्या दस्तऐवजात जुलै २०१० या नोंदीखाली आढळते. फर्मवेअरने नाव दिले असेल तरच ‘लेबल’ ही फाइल निर्माण होते, आणि एसीपीआय व एसएमबायोस या दोहोंनी नाव दिले असल्यास एसीपीआयच्या नावाला प्राधान्य मिळते. क्रमांक आणि नाव यांना स्वतंत्र फायली देणे ही या रचनेची जमेची बाजू होय. ज्याला क्रमांक हवा, त्याने मजकुराची चिरफाड करण्याचे कारण उरत नाही.

एवढे असूनही सिसएफएसमधून बाहेर पडणारे बहुतेक सारे शेवटी मजकूरच असते. संख्यासुद्धा अंकांच्या अक्षरमालेत रूपांतरित होऊनच वाचकापुढे येते. त्यामुळे दशमान की हेक्साडेसिमल, आधी शून्ये की नाहीत, अक्षरे मोठ्या लिपीतील की लहान, अखेरीस नव्या ओळीचे चिन्ह आहे की नाही, हे सर्व तपशील छापणाऱ्या आज्ञेत ठरतात. माणूस हे फरक डोळ्यांआड करतो. दोन अक्षरमालांची बाइटगणिक तुलना करणारा प्रोग्रॅम ते करू शकत नाही.

३. आतील पुनर्रचना आणि बाहेरचे स्थैर्य : २०१७ चा बदल

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण डिव्हाइस ट्रीच्या गाठींचे आहे. पूर्वी प्रत्येक गाठीबरोबर तिचा मुळापासूनचा संपूर्ण मार्ग अक्षरमालेच्या रूपात स्मृतीत साठवलेला असे. एकाच फांदीवर पन्नास गाठी असतील तर त्या फांदीचा मार्ग पन्नास वेळा साठवला जाई. स्मृतीचा हा अपव्यय टाळण्यासाठी गाठीपाशी केवळ तिचे शेवटचे नाव ठेवावे आणि संपूर्ण मार्ग गरज पडेल तेव्हा वृक्षावर चढत जाऊन जुळवावा, असा विचार पुढे आला.

तथापि, साठवलेला मार्ग थेट छापणाऱ्या आज्ञा कर्नलमध्ये ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या. साठवण आधी बदलली असती तर त्या आज्ञांनी संपूर्ण मार्गाऐवजी केवळ शेवटचा तुकडा छापला असता. येथे एक सूक्ष्म धोका ध्यानात घेतला पाहिजे. संपूर्ण मार्ग ही अक्षरमाला आहे आणि शेवटचा तुकडा हीसुद्धा अक्षरमालाच आहे. दोहोंचा प्रकार एकच असल्याने कंपायलरला कोणतीही चूक दिसत नाही. संख्येच्या जागी अक्षरमाला आली असती तर त्याने इशारा दिला असता. अर्थ बदलला पण प्रकार बदलला नाही, अशा ठिकाणी यंत्राचे रक्षण अपुरे पडते.

म्हणून २०१७ मध्ये हे काम क्रमाने करण्यात आले. डिव्हाइस ट्रीची गाठ छापण्यासाठी ‘पीओएफ’ या अक्षरांनी ओळखला जाणारा स्वतंत्र मांडणी-संकेत कर्नलच्या छपाई-यंत्रणेत घालण्यात आला. संपूर्ण मार्ग, नुसते नाव किंवा पत्त्यासह नाव यांपैकी जे हवे ते पुढच्या एका अक्षराने सांगता येते. त्यानंतर जुन्या आज्ञा या संकेताकडे वळवण्यात आल्या आणि मगच साठवण बदलण्यात आली. नवा संकेत अपेक्षित अक्षरमालाच देतो का, हे पडताळणाऱ्या चाचण्याही डिव्हाइस ट्रीच्या चाचणीसंचात आहेत.

या बदलाचे वैशिष्ट्य असे की, मांडणीचा नियम विखुरलेल्या ठिकाणांहून उचलून एका जागी आणला गेला. पूर्वी नियम कोठेही लिहिलेला नव्हता, तो साठवलेल्या अक्षरमालेत गृहीत धरलेला होता. बदलानंतर तो नाव असलेला, चाचणी असलेला आणि म्हणून चर्चेस उपलब्ध असलेला नियम झाला. सुसंगतता जपण्याची पहिली पायरी म्हणजे जे जपायचे ते उच्चारून दाखवणे होय, ही गोष्ट या उदाहरणातून स्पष्ट होते.

४. एका बाइटचे महत्त्व : २०२० आणि २०२१ मधील सुधारणा

सिसएफएसमधील मजकूर दाखवणारी फाइल वाचताना कर्नल एका स्मृतिपृष्ठाएवढी जागा देते. बहुतेक यंत्रांवर ती ४,०९६ बाइट असते. अनेक वर्षे या जागेत मजकूर लिहिण्यासाठी सी भाषेतील परिचित छपाई-फलने वापरली जात. त्यांतील एकाला जागेची मर्यादा ठाऊकच नसते. दुसरे मर्यादा पाळते, परंतु प्रत्यक्षात किती बाइट लिहिले याऐवजी पुरेशी जागा असती तर किती लिहिले असते, ती संख्या परत करते. ही संख्या जशीच्या तशी पुढे दिल्यास लांबीचा चुकीचा आकडा वाचकापर्यंत जाऊ शकतो. या अडचणींवर उपाय म्हणून डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्नलच्या ५.१० या आवृत्तीत ‘सिसएफएस-एमिट’ हे खास फलन आले. मजकूर दाखवणाऱ्या कोडने हेच वापरावे, असे आता दस्तऐवजात सांगितलेले आहे.

पीसीआय विभागात हे फलन २०२१ मध्ये लागू करताना जुन्या कोडच्या ओळी एकेक करून पाहिल्या गेल्या. तेव्हा ध्यानात आलेल्या दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट एसीपीआयकडून आलेल्या लेबलविषयी आहे. ते युनिकोडच्या १६-बिटी रूपात असल्यास बाहेर देताना त्याचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर केले जाते. रूपांतर करणाऱ्या आज्ञेला संपूर्ण पृष्ठ भरण्याची मुभा दिलेली होती आणि त्यानंतर नव्या ओळीचे चिन्ह लिहिले जाई. लेबलने संपूर्ण पृष्ठ व्यापले असते तर ते चिन्ह जागेच्या बाहेर एका बाइटवर पडले असते. मर्यादा एका बाइटने कमी करून हा दोष दूर करण्यात आला. एवढे लांब लेबल कोणी देणार नाही, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु रूपांतरात मजकुराची लांबी बदलते, हे त्यामागचे तत्त्व भारतीय भाषकांना तरी दुर्लक्षिता येणार नाही. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे आहेत. १६-बिटी रूपात ती १० बाइट घेतात, तर यूटीएफ-८ मध्ये १५. इंग्रजी लेबलची लांबी याच रूपांतरात निम्मी होते. इंग्रजी मजकूर गृहीत धरून ठरवलेली मर्यादा देवनागरीसाठी अपुरी ठरू शकते, ती अशी.

दुसरी गोष्ट ‘डेव्हस्पेक’ या फाइलविषयी आहे. पीसीआय उपकरणाशी निगडित डिव्हाइस ट्रीतील गाठीचा मार्ग ही फाइल दाखवते. तिच्या अखेरीस नव्या ओळीचे चिन्ह नव्हते, ते २०२१ मध्ये जोडण्यात आले. शेजारच्या फायलींत ते चिन्ह असल्याने हा बदल रूढीला धरून होता. शेलमधून फाइल वाचणाऱ्या बहुतेक स्क्रिप्ट अखेरचे चिन्ह आपोआप गाळतात, त्यामुळे व्यवहारात धोका थोडा होता. तरीही तत्त्वतः हा बाहेरून दिसणारा बदल आहे. फाइलमधील सर्व बाइट हाच मार्ग समजून दुसऱ्या मार्गाशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम असेल, तर त्याच्या दृष्टीने कालचा आणि आजचा मार्ग वेगळा ठरतो. हे चिन्ह जोडण्यासाठी स्वतंत्र बदल करण्यात आला, ही पद्धत प्रशंसनीय आहे. छपाईचे फलन बदलण्याच्या मोठ्या कामात तो मिसळून टाकला असता तर पुढे शोध घेणाऱ्याला तो सापडणे कठीण झाले असते. छपाईचा कोड सुधारणे आणि छापलेला मजकूर सुधारणे ही दोन भिन्न कामे आहेत, हा विवेक येथे दिसतो.

५. शुद्ध नाव आणि रूढ नाव : एका माघारीचा अर्थ

मांडणीचा कोड अबाधित राहूनही नाव बदलू शकते, कारण त्या कोडला मिळणारा कच्चा माल बदलतो. यूएसबी नियंत्रकाचे उदाहरण याची साक्ष देते. डिव्हाइस ट्रीतील पत्ता असलेल्या गाठीपासून कर्नल जेव्हा उपकरणाचे नाव घडवते, तेव्हा हेक्साडेसिमल पत्ता, पूर्णविराम आणि गाठीचे सर्वसाधारण नाव अशी मांडणी होते. क्वालकॉमच्या चिपवर आधारित काही फलकांवर एका गाठीचे नाव ‘डीडब्ल्यूसी३’ असे होते. हे नाव नियंत्रकाच्या विशिष्ट रचनेवरून आलेले आहे. डिव्हाइस ट्रीच्या संकेतानुसार मात्र गाठीचे नाव उपकरणाचे सर्वसाधारण कार्य सांगणारे, म्हणजे ‘यूएसबी’ असे असावे. त्यामुळे अनेक फलकांच्या वर्णनांत हे नाव शुद्ध करण्यात आले.

परिणामी ‘ए६०००००.डीडब्ल्यूसी३’ या नावाच्या जागी ‘ए६०००००.यूएसबी’ असे नाव दिसू लागले. ड्रॅगनबोर्ड फलकांवर चालणाऱ्या अँड्रॉइडच्या मांडणीत यूएसबी नियंत्रकाचे जुने नाव शब्दशः लिहिलेले होते. नाव जुळेनासे झाले आणि यूएसबी बंद पडले. अखेर २०२१ मध्ये या फलकांपुरता तो बदल मागे घेण्यात आला.

या प्रसंगात दोन्ही पक्षांकडे सबळ युक्तिवाद आहे. नाव शुद्ध करणाऱ्यांच्या बाजूने लिखित संकेत आहे. सिसएफएसमधील मार्ग कर्नलच्या अंतर्गत रचनेचे प्रतिबिंब असल्याने त्यांवर विसंबताना काळजी घ्यावी, असा इशाराही दस्तऐवजात आहे. दुसऱ्या बाजूला वापरकर्त्याची हकीकत साधी आहे : काल चालत होते, आज चालत नाही, आणि मधल्या काळात त्याने कर्नल नवे करण्यापलीकडे काही केलेले नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी सातत्याने पुरस्कारलेला नियम असा की, कर्नलमधील बदलाने वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम मोडत असेल तर दोष कर्नलचा. या नियमाने निवाडा दुसऱ्या बाजूला जातो आणि माघार योग्य ठरते.

परंतु या निवाड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. माघारीनंतर एकाच प्रकारच्या नियंत्रकाला काही फलकांवर शुद्ध आणि काही फलकांवर रूढ नाव राहिले. नव्या अभ्यासकाला या विसंगतीचे कारण कोडमध्ये सापडत नाही, ते इतिहासात शोधावे लागते. रूढ नावाचे जतन ही निःशुल्क गोष्ट नाही. तिचा भार देखभाल करणाऱ्यांच्या पुढच्या पिढीवर पडतो.

६. नियमाला आवृत्ती : सिस्टमडीचा प्रयोग

नेटवर्क जोडण्यांच्या नावांचा इतिहास या कोंडीतून एक वाट सुचवतो. पूर्वी लिनक्समध्ये जोडण्यांना ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे मिळत. ती कर्नलला उपकरण कोणत्या क्रमाने आढळले यावर अवलंबून असल्याने यंत्र पुन्हा सुरू केल्यावर अदलाबदल होण्याचा संभव असे. डेल कंपनीच्या ‘बायोसडेव्हनेम’ या प्रोग्रॅमने फर्मवेअरच्या माहितीवरून नावे देण्याचा उपाय केला आणि २०११ च्या फेडोरा १५ मध्ये तो सर्वांसमोर आला. जानेवारी २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने याच दिशेने स्वतःची पद्धत आणली. फर्मवेअरने क्रमांक दिलेल्या अंगभूत जोडणीला ‘ईएनओ१’, खाचेतील कार्डाला ‘ईएनएस१’, तर बसवरील मार्गावरून ‘ईएनपी२एस०’ अशी नावे मिळू लागली. कर्नलने २०१० पासून बाहेर मांडलेला फर्मवेअरचा क्रमांक येथे नावाचा घटक झाला.

या पद्धतीतही सुधारणांची गरज पडतच गेली. जून २०१८ मधील २३९ व्या आवृत्तीत एका कार्डातून निर्माण होणाऱ्या आभासी जोडण्यांना मूळ जोडणीच्या नावापुढे ‘व्ही’ व क्रमांक लावून नावे देण्याचे ठरले. पूर्वी त्यांना स्वतंत्र उपकरणांप्रमाणे नावे मिळत. नवी नावे निश्चितच अधिक अर्थपूर्ण होती. पण अर्थपूर्ण झाली म्हणजेच बदलली. डिसेंबर २०१८ मधील २४० व्या आवृत्तीत या अनुभवाचे फलित दिसते. नावे घडवण्याच्या नियमसंचाला स्वतःचा क्रमांक देण्यात आला. २३८ व्या आवृत्तीतील नियम हा आधार मानून पुढील प्रत्येक फरक कोणत्या क्रमांकापासून लागू झाला, हे दस्तऐवजात नोंदवले गेले. यंत्र सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनेतून जुना नियमसंच निवडता येऊ लागला.

या रचनेचा खरा कस २४९ व्या आवृत्तीत, म्हणजे २०२१ मध्ये दिसतो. आयबीएमच्या एस३९० प्रकारच्या यंत्रांवर पीसीआय खाचेचे नाव हेक्साडेसिमल पद्धतीने लिहिलेले असते. सिस्टमडी मात्र ते दशमान समजून वाचत असे. ‘१०’ असे लिहिलेले असेल तर अभिप्रेत मूल्य सोळा, वाचलेले मूल्य दहा. एखाद्या नावात ‘ए’ ते ‘एफ’पैकी अक्षर आले तर दशमान वाचन निष्फळ होऊन खाचेवरून नावच मिळत नसे. लिहिणाऱ्याने एका पायावर लिहावे आणि वाचणाऱ्याने दुसऱ्या पायावर वाचावे, असा हा प्रकार होता. दोष निर्विवाद होता. तरीही दोषयुक्त नावांवर कोणीतरी आपली मांडणी बेतलेली असणार, हेही तेवढेच खरे होते. नियमसंचाला क्रमांक असल्याने दुरुस्ती आणि जुन्या नावाची सोय या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता आल्या.

याच आवृत्तीत फर्मवेअरच्या क्रमांकाची कमाल मर्यादाही बदलली. काही फर्मवेअर अवास्तव मोठे क्रमांक देत असल्याने पूर्वी १६,३८१ पेक्षा मोठे क्रमांक दुर्लक्षिले जात. एस३९० यंत्रांवर ६५,५३५ पर्यंतचे क्रमांक वैध असल्याचे ध्यानात घेऊन मर्यादा तेथवर नेण्यात आली. फर्मवेअरवर विश्वास ठेवावा, पण आंधळेपणाने नव्हे, हा तोल अशा आकड्यांत व्यक्त होतो. शिवाय लिनक्समध्ये जोडणीच्या नावाला समाप्ती-चिन्ह धरून १६ बाइटच मिळतात. म्हणजे प्रत्यक्ष नाव १५ बाइटांत बसवावे लागते. मोठे क्रमांक आणि नवे प्रत्यय यांना मोकळे रान नाही, हे मांडणी ठरवणाऱ्याने विसरून चालत नाही.

या प्रयोगाच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. जुना नियमसंच निवडला तरी नाव पूर्णपणे स्थिर राहील याची हमी नाही, कारण नाव कर्नलने दिलेल्या माहितीवरून घडते. कर्नलच्या नव्या आवृत्तीत पूर्वी नसलेली माहिती उपलब्ध झाली तर जुन्याच नियमाने वेगळे नाव निघू शकते. ही मर्यादा सिस्टमडीच्या दस्तऐवजातच मान्य केलेली आहे. दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. योग्य क्रमांक निवडण्यासाठी प्रशासकाला बदलाची पूर्वकल्पना असावी लागते. ज्याला नियमसंच अस्तित्वात असल्याचेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही सोय नसल्यासारखीच आहे.

७. नावात कोंबलेली माहिती : दिव्यांचे उदाहरण

यंत्रावरील छोट्या एलईडी दिव्यांच्या नावांचा प्रश्न थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. लिनक्समध्ये दिव्याचे नाव उपकरण, रंग आणि कार्य हे तीन घटक अपूर्णविरामांनी जोडून घडवण्याची रीत होती. रंग वगैरे गुणधर्म स्वतंत्रपणे बाहेर द्यावेत अशी मागणी झाली असता, ते नावातच घालावेत म्हणजे भार कमी पडेल, अशी भूमिका घेतली गेल्याचे कर्नलच्या दस्तऐवजात नमूद आहे. परिणामी नाव हे केवळ नाव न राहता छोटासा तक्ता झाले. २०१९ मध्ये रंग आणि कार्य यांसाठी डिव्हाइस ट्रीत स्वतंत्र गुणधर्म आले आणि नव्या नावांतून उपकरणाचा घटक वगळण्याची शिफारस झाली. जुन्या वर्णनातील ‘लेबल’ आढळल्यास त्याचा मान राखण्याची व्यवस्था कोडमध्ये ठेवण्यात आली.

राउटरसाठी प्रसिद्ध असलेल्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाने २०२० मध्ये आपल्या अनेक उपकरणांच्या दिव्यांच्या नावांतून उपकरणाचा घटक काढून टाकला. वापरकर्त्यांच्या साठवलेल्या मांडणीत जुनी नावे असल्याने, अद्ययावतीकरणाच्या वेळी ती नव्या नावांत बदलणारी छोटी स्क्रिप्टही दिली. नाव आणि नावाचा वाचक हे दोन्ही ज्याच्या ताब्यात आहेत, त्याला हा स्थलांतराचा मार्ग मोकळा असतो. कर्नलला तो नसतो, कारण त्याचे वाचक कोण आणि किती, हे त्याला माहीत नसते.

८. चिकित्सा

वरील उदाहरणांतून सुसंगततेचे तीन मार्ग समोर येतात : नाव गोठवणे, नियमाला आवृत्ती देणे आणि वाचकाचे स्थलांतर करणे. या तिन्हींत श्रमाची वाटणी भिन्न आहे. गोठवण्यात सारा भार देखभाल करणाऱ्यावर पडतो आणि चुकाही वारशाने पुढे जातात. आवृत्ती देण्यात भार दोघांत विभागला जातो : एकाने फरक नोंदवायचा, दुसऱ्याने निवड करायची. स्थलांतरात भार पुन्हा बदल करणाऱ्यावर येतो, परंतु तो एकदाच उचलावा लागतो. मार्गाची निवड ही अशा रीतीने केवळ तांत्रिक राहत नाही. कोणाच्या वेळेला किती मोल द्यायचे, याचा तो निर्णय असतो.

नावे माणसांसाठी असतात, प्रोग्रॅमने संख्या वापराव्यात, असा आक्षेप येथे घेतला जातो. आदर्श म्हणून तो मान्य करता येईल. क्रमांक आणि लेबल यांना वेगळ्या फायली देणारी रचना याच आदर्शावर उभी आहे. व्यवहारात मात्र जो मजकूर प्रोग्रॅमला वाचता येतो तो प्रोग्रॅम वाचतातच. फायरवॉलचे नियम, दिव्यांची मांडणी आणि अँड्रॉइडमधील यूएसबीची नोंद ही त्याची वर आलेली उदाहरणे आहेत. वाचकाने काय वाचावे हे लेखकाला ठरवता येत नाही, हे साहित्यव्यवहारात परिचित असलेले सत्य कोडच्या व्यवहारालाही लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक बाइटचे जतन करायचे ठरवले तर कोडमधील स्वच्छतेचे कोणतेही काम हाती घेता येणार नाही. यावर २०१७ चा बदल हेच उत्तर आहे. अंतर्गत साठवण पूर्णतः बदलूनही बाहेरचा मार्ग कायम ठेवता आला, कारण कामाचा क्रम नीट लावला होता आणि अपेक्षित अक्षरमाला चाचणीत लिहून ठेवली होती. बहुतेक ठिकाणी सुधारणा आणि सुसंगतता परस्परविरोधी नसतात. घाई त्यांना परस्परविरोधी करते. खरा संघर्ष जेथे नाव स्वतःच चुकीचे आहे तेथेच उद्भवतो, आणि तेथे आवृत्तीचा मार्ग सर्वाधिक प्रामाणिक ठरतो. तो चूक लपवत नाही, तिच्यावर विसंबलेल्याला दंडही करत नाही.

९. निष्कर्ष

१) फर्मवेअरकडून आलेल्या नावाची मांडणी बाहेरच्या प्रोग्रॅमने एकदा वाचली की ती सार्वजनिक होते. तिच्यातील पाया, शून्ये, विरामचिन्हे आणि शेवटचे चिन्ह हे सर्व तिचे घटक असतात.

२) छपाईचा कोड बदलताना बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या मजकुराची बाइटगणिक तुलना करणारी चाचणी आवश्यक आहे. अक्षरमालेच्या जागी दुसरी अक्षरमाला आल्यास कंपायलर सावध करत नाही.

३) कोडची सुधारणा आणि मजकुराची सुधारणा स्वतंत्र बदलांत करावी, म्हणजे परिणामांचा माग काढता येतो.

४) मूळ माहिती बदलली तरी नाव बदलते. डिव्हाइस ट्रीतील नामशुद्धीलाही मांडणीतील बदलाइतकीच सावधगिरी लागते.

५) चुकीचे नाव दुरुस्त करणे अपरिहार्य असेल, तर नियमाला क्रमांक देऊन जुन्या नियमाची निवड उपलब्ध ठेवावी. वाचकही आपल्याच ताब्यात असेल, तर स्थलांतराची सोय बदलाबरोबरच द्यावी.

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात अक्षरमाला छापण्याची आज्ञा वाक्यरचनेपुरती शिकवली जाते. ती आज्ञा लिहिणारा विद्यार्थी अनोळखी वाचकाशी करार करत असतो, हे त्याला त्याच तासाला सांगितले गेले, तर पुढे त्याच्या कोडवर विसंबणाऱ्या अनेकांचा त्रास वाचेल.